बिनपगारी क्लीनर: ट्रेलरचा पिन पुलर, कॅनडातल्या एका हिवाळ्यानंतर

गोव्यात डिचोलीहून आमोण्याच्या जेटीवर खनिजाचा टिपर न्यायचो तेव्हा शेजारी क्लीनर असायचा. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, 2018 मध्ये परत बंद. टिपर विकला आणि फिरत फिरत कॅनडात 53 फुटी ट्रेलरवर जाऊन पोचलो. तिथे क्लीनर नाही. गाडी पुढे-मागे घेणार आपण, आणि त्याच वेळी मागे उभं राहून ट्रेलरच्या पिनांचा दांडा ओढणारेही आपणच! म्हणून ऑक्टोबरात नव्वदेक डॉलर मोजून पिन पुलर, म्हणजे तो दांडा ओढून धरणारं अवजार घेतलं आणि एप्रिलपर्यंत वापरलं. सध्या मी गोव्यात साखळी गावी घरी आहे. शेजारचा पोरगा तिकडे जायच्या तयारीत आहे, रोज विचारतो, "दादा, घेऊ काय?" त्याच्यासाठीच हे.

तिथल्या या ट्रेलरची मागची दोन एक्सलची जोडी रुळांवर सरकते आणि चार पिना तिला भोकांत अडकवून धरतात. सगळा खेळ वजनाचा. अमेरिकेत शिरलं की मागच्या जोडीवर जास्तीत जास्त 34,000 पौंड, सगळं मिळून 80,000. काट्यावर मागचं वजन जास्त भरलं तर जोडी मागे सरकवायची, म्हणजे भार हॉर्सवर, ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीवर जातो. ट्रेलरचा ब्रेक लावायचा, दांडा ओढून पिना बाहेर काढायच्या, हॉर्स हळू पुढे घ्यायचा. चाकं जागेवर, डबा तेवढा पुढे. बर्फावर हॉर्सच्या चाकांना पकड हवी असते तेव्हाही हाच उपाय, अर्थात काट्याची मर्यादा सांभाळून.

उन्हाळ्यात पाच मिनिटांचं काम. पण उणे 28 मध्ये रस्त्यावरचं मीठ आणि चिखलबर्फ पिनांवर थिजून बसतं. त्यात पिन भोकाच्या कडेला दाबली गेलेली असली की दांडा जागचा हलत नाही. तिथे पुलर कामाला येतो. एक टोक दांड्याला, दुसरं चौकटीला अडकवायचं, ताण द्यायचा आणि केबिनमध्ये जाऊन बसायचं. हॉर्स वीतभर मागे, वीतभर पुढे डोलवला की दाब सुटतो आणि पिना "खाट्" करून आपोआप बाहेर येतात. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा केबिनमध्ये एकटाच हसलो. त्याआधी हातोडा मारून मारून मनगट सुजायचं.

पण खालच्या बर्फाला पुलर काय करणार? जानेवारीत विनिपेगजवळच्या एका यार्डात पिना बाहेर आल्या, ब्रेक लागलेले होते, हॉर्स पुढे घेतला तर अख्खा ट्रेलर बंद चाकांसकट घसरत मागोमाग आला. जोडी इंचभर सरकली नाही. शेवटी पिना परत बसवल्या, ट्रेलर वाळू टाकलेल्या जागेवर नेला, तेव्हा कुठे काम झालं. आता आधी जमीन बघतो, मग पुलर काढतो.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. पुलर लावलेला असेपर्यंत पिना बाहेरच राहतात. एकदा तसाच निघालो होतो, फाटकापर्यंत पोचल्यावर आठवलं. पोटात गोळाच आला. तेव्हापासून पुलर लावला की स्टीअरिंगला लाल फडकं बांधतो. काढल्यावरही टॉर्च घेऊन चारही पिना डोळ्यांनी बघायच्या. एका भोकात बर्फ भरलेला होता, तीन बसल्या आणि चौथी अर्धवट. हातोड्याने बर्फ फोडला, ट्रेलरचा ब्रेक तसाच ठेवून हॉर्सने हलका हिसका दिला, तेव्हा ती बसली. क्लीनर असता तर ओरडला असता, हा लोखंडाचा तुकडा ओरडत नाही.

मालाचा दर्जा? फेब्रुवारीत पुलरच्या आकड्याच्या, म्हणजे हुकाच्या, जोडाला चीर गेली. दुकानदार म्हणाला, वापरलेली वस्तू परत घेत नाही. बॅगेत घालून इकडे आणला. डिचोलीच्या वेल्डरने आकडा उलटसुलट फिरवून बघितला, "पात्रांव, वेल्डिंग वरच्यावरच मारलंय, आत गेलंच नाही." चीर घासून काढली, नव्याने जोड मारला, वर आडवी पट्टी दिली, आणि पैसे विचारले तर म्हणे, आधी तिकडच्या थंडीत टिकतोय काय बघ.

पोराला सांगितलंय, घे. पण आकडा आधी इथे दाखवून मग ने.