खिशात शाईपेन, पण बटणाचे

एकाच दांडीत बॉलपेनच्या दोन रिफिली आणि ०.५ मिमीची पेन्सिल बसवलेली बहुउपयोगी पेने पुष्कळ मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत ६७ मिमी लांबीची, डी-१ नावाने ओळखली जाणारी बारीक रिफिल चालते. शाईपेनाला मात्र या कुटुंबात सहसा जागा मिळत नाही, कारण निब हवाबंद ठेवली नाही तर शाई वाळते, आणि शाईची टाकी व जीभ (निबेखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) यांनाच सगळी दांडी पुरत नाही.

म्हणून मी सगळी कामे एकाच पेनाकडून करून घेण्याचा हट्ट सोडला आणि पायलट या जपानी कंपनीचे, १९६३ साली प्रथम आलेले, ‘कॅपलेस’ हे बिनटोपणाचे शाईपेन निवडले. बटण दाबताच तोंडाशी असलेली इवलीशी झडप उघडून निब बाहेर येते, पुन्हा दाबले की आत जाते आणि झडप मिटते. उभ्याउभ्या, एका हातात कागद धरून सही करताना या सोयीचे मोल कळते. क्लिप निबच्याच बाजूला असल्याने खिशात निब वर राहते व शाई गळण्याची भीती कमी होते, पण तीच क्लिप लिहिताना बोटांमध्ये येते. पेन फिरवून धरणाऱ्यांनी ते आधी हातात घेऊन पाहावे. मला जुळवून घ्यायला आठवडा लागला. शाई थोडीच मावते. निब मी बारीक घेतली, कारण शाई फुटणाऱ्या साध्या कागदावरही ती निभावते. कार्बन प्रतींसाठी मात्र एक बॉलपेन अजूनही सोबत असतेच.