गौताळा औट्रमघाट अभयारण्य : पाटणादेवीच्या बाजूने

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारे बहुतेक जण चंडिकेचे दर्शन घेतात, भास्कराचार्यांच्या नातवाने शके ११२८ मध्ये कोरवलेला शिलालेख पाहतात आणि सोबत आणलेली कळण्याची भाकर व भरीत संपवून परत फिरतात, २६०.६१ चौरस किलोमीटरच्या अभयारण्याच्या उंबरठ्यावरून आपण माघारी वळलो, हे त्यांच्या गावीही नसते.

१९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचा खानदेशाकडचा भाग आम्ही सप्टेंबरात पाहिला, आणि तो पावसाळ्याच्या शेवटीच पाहावा, असे माझे स्पष्ट मत झाले. तेव्हा डोंगरी नदीला पाणी असते, केदारकुंडाचा धबधबा कोसळत असतो, आणि उन्हाळ्यात उघडेबोडके पडणारे हे पानगळीचे जंगल इतके गच्च झालेले असते, की पायवाट सोडून दहा पावले आत गेलेला माणूस दिसेनासा होतो. ओल्या दगडांवरून गुळगुळीत तळाच्या चपला घालून चालणाऱ्यांचे मात्र मला नवल वाटले.

प्राणी दिसतीलच, या अपेक्षेने येथे येऊ नये. येथे बिबट्या आहे, अस्वल आहे, मार्च २०२१ मध्ये तर टिपेश्वरहून मजल दरमजल करत आलेला वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. तरीही ताडोब्यासारखी जिप्सीतली सफर येथे शोधणाऱ्याची निराशाच होईल. आम्हाला मोराची केका आणि चिखलात उमटलेले रानडुकरांचे खूर एवढेच लाभले, आणि मला ते पुरेसे वाटले.

वाटेत गुरे चरताना पाहून आमच्यातले एक गृहस्थ संतापले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात चराईला मज्जाव असला, तरी अभयारण्यात ती नियंत्रित स्वरूपात चालू ठेवता येते, हे त्यांना पटवण्यात अर्धा तास गेला. मला त्या गुरांपेक्षा नदीकाठी टाकलेल्या थर्माकोलच्या पत्रावळी अधिक खटकल्या.

भाड्याच्या गाडीच्या चालकाने दुपारी तीनलाच परतण्याचा हट्ट धरल्यामुळे कन्हेरगड आणि पितळखोऱ्याची लेणी राहून गेली. म्हणून भाडे ठरवतानाच पूर्ण दिवसाचे बोलून घ्यावे. नवरात्रात देवीला मोठी गर्दी लोटते, तेव्हा जंगलासाठी येणाऱ्याने ते नऊ दिवस सोडून यावे. राहिलेला गड पाहण्यासाठी आम्ही दिवाळीनंतरचा एक आडवार ठरवून ठेवला आहे.