छतातले स्पीकर की टीव्हीच्या पॅनेलमधले?

हॉलचं फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आत ठरवावं लागतं: साडेसहा इंची स्पीकरची जोडी जिप्समच्या छतात टाकायची की टीव्हीमागच्या प्लायच्या पॅनेलमध्ये. थेट भिंतीत बसवणं आपल्याकडे जवळपास बादच. साडेचार इंची विटेची भिंत चार इंच कोरली तर उरणार काय? आणि ॲल्युमिनियम शटरिंगच्या इमारतींत भिंतीच आरसीसीच्या, तिथे छिन्नी लावूच नये.

छताचं काम सोपं. जागा अडत नाही, सुतार लागत नाही. सेक्शन, म्हणजे छताच्या सांगाड्याच्या पत्र्याच्या पट्ट्या, १८ इंचांवर असतात, म्हणून आठ-सव्वाआठ इंची भोक दोघांच्या मधोमध निघतं. मात्र ते स्पीकरच्या खोक्यातल्या टेम्प्लेटनेच (कापायच्या मापाच्या नमुन्यानेच) आखा. स्पीकर बोर्डाला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू हातानेच आवळा. ड्रिल लावलं की जिप्समचा चुरा होतो आणि स्पीकर लोंबायला लागतो.

माझं मन छतावरून उडालं ते झणझणीमुळे. साडेबारा मिमीचा बोर्ड पत्र्याच्या सांगाड्यावर टांगलेला. तबल्याचा बायाँ घुमला की कुठली तरी सैल कनेक्टिंग क्लिप, नाहीतर डाउनलाइटची स्प्रिंग, नाहीतर बोर्डावर मोकळी पडलेली वायर कुरकुरते. छत बंद झाल्यावर ती नेमकी कोण, हे शोधायला एकेक डाउनलाइट उतरवत बसावं लागतं. बोर्ड चढण्याआधी प्रत्येक क्लिपला स्क्रू मारून घ्या, भोकाच्या दोन्ही बाजूंना सेक्शनचे आडवे तुकडे द्या, वायर टायने बांधा. बराच फरक पडतो. पूर्ण जाते, असं मात्र माझा कान म्हणत नाही. शिवाय बातम्या देणारी बाई डोक्यावरून बोलते. ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) टीव्हीकडे वळवला तरी थोडं तसं वाटतंच.

पॅनेलचा खर्च जास्त, आणि हॉलचे चार इंच जातात. पण १८ मिमी प्लाय, मागे २ बाय २ इंची पट्ट्यांची घट्ट चौकट आणि पोकळीत ग्लासवूल एवढं झालं की कुरकुरायला फारसं काही उरत नाही. ट्वीटर जमिनीपासून तीन-सव्वातीन फुटांवर, सोफ्यावर बसलेल्याच्या कानाशी येतो. सध्या सगळ्यांना हवी असलेली खाचांची लूव्हर शीट तेवढी अडचणीची: स्पीकरची कड तिच्यावर सपाट बसत नाही. तेवढ्या जागेत साधा लॅमिनेट ठेवायला सुताराला आधीच सांगा.

वायर दोन्हीकडे सारखीच. आठ ओहमच्या स्पीकरला पंधरा मीटरपर्यंत दीड चौरस मिमी शुद्ध तांबं पुरतं. जाऊन-येऊन रोध ०.४ ओहमच्या आसपास, म्हणजे पाच टक्के. त्यापुढे अडीचची घ्या. ब्लेडने तार खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. स्पीकरच्या वायरीचा पाइप वेगळा ठेवा, लाइटच्या वायरपासून फूटभर लांब. जाळी लावण्याआधी अँपकडच्या (ॲम्प्लिफायरकडच्या) टोकाला, अँपपासून सोडवून, दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: प्लस लाल वायरीला असेल तर दोन्ही स्पीकरचे कोन (हलणारे पडदे) बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर तिथे वायर उलटी जोडलीय, आणि बास गायब होणार.

स्वयंपाकघर, पॅसेज, बाल्कनीला छतातलेच बरे. तिथे आवाज हळूच असतो. हॉलचं बजेट आत्ता छतापुरतंच असेल, तरी टीव्हीच्या भिंतीवर तीन फुटांवर दोन वायरी काढून ठेवा आणि त्यांवर कोरी, बिनस्विचची प्लेट लावा.