भाड्याचा चौघांचा तंबू: डोंगरावर पास, वाळूत काठावर

दिवाळी झाली की बडोद्यातली घरं मुलांना घेऊन समुद्राकडे निघतात, आणि हॉटेल नको, तंबूच हवा हा हट्ट बहुधा धाकट्यांचा असतो. शहरात ट्रेकिंगचं सामान भाड्यानं देणाऱ्यांकडे मिळणारा तंबू जवळपास सगळीकडे एकाच जातीचा: घुमटाकार, तळ सात बाय सात फूट, फायबरच्या दोन लांब काठ्या, वरून पांघरायचं वेगळं जलरोधक कापड म्हणजे फ्लायशीट, आणि पिशवीत दहा-बारा लोखंडी मेखा. पावागढच्या पायथ्याला हा तंबू डोळे मिटून न्यावा. हे परीक्षण मात्र तो वाळूवर कसा टिकतो याचं आहे.

आधी जागेचं. बडोद्याला सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोईजवळचं खंभातचं आखात. तिथे तंबूचा विचारही नको. सगळा चिखल, आणि या आखातातली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ पाण्याखाली जातं ते उगाच नाही. त्यापेक्षा सुमारे २०० किलोमीटरवरचं वलसाड गाठा, पुढे तिथल नावाच्या गावाचा किनारा. उघड्या किनाऱ्यावर रात्री थांबता येईल का, हे स्थानिक पोलीस किंवा ग्रामपंचायतीकडे विचारूनच सामान उतरवा.

'चार जणांचा' हा शब्द फारसा मनावर घेऊ नका. सात फूट म्हणजे ८४ इंच, माणशी २१ इंच. दोन मोठे आणि दोन लहान मुलं नीट मावतात. चौघंही मोठे असतील तर एकाच्या कुशीला दुसऱ्यानं वळायचं. शिवाय भिंती तिरक्या, त्यामुळे उंच माणसाचं डोकं कापडाला टेकतं. चौघांच्या श्वासाची वाफ रात्री आतून याच कापडावर साठते आणि सकाळी उशी ओली निघते. तंबू गळतो अशी तक्रार दुकानात येते ती बरेचदा यामुळे. वरची जाळीची खिडकी रात्रभर उघडी ठेवा.

खरी रड मेखांची. वीतभर लांबीची मेख मातीत घट्ट बसते, कोरड्या वाळूत दोन बोटांनी उपसून येते. दुकानवाला 'चालेल, चालेल' म्हणतो, चालत नाही. घरून तांदळाच्या पाच किलोच्या रिकाम्या कापडी पिशव्या सहा न्या. वाळूनं भरली की एक पिशवी नऊ-दहा किलोची होते. तोंड बांधून तिला ताणदोरी बांधा आणि तंबूपासून तीन-चार फुटांवर दीड फूट खड्ड्यात पुरून वरची वाळू पायानं दाबा. चार कोपऱ्यांना चार, फ्लायशीटच्या दोन बाजूंना दोन. पिशवी नसेल तर मेख उभी ठोकण्याऐवजी आडवी पुरा, दोरी तिच्या मध्यावर बांधा.

पिशव्या समुद्राच्याच बाजूला पुरून थांबणारे बरेच. दिवसा वारा समुद्राकडून येतो म्हणून ते बरोबर वाटतं. रात्री उशिरा तो जमिनीकडून वाहू लागतो आणि पहाटे नेमकी मोकळी सोडलेली बाजू उचलली जाते. चारही बाजू बांधा. दार ना समुद्राकडे ना गावाकडे, किनाऱ्याला समांतर ठेवा; वाळू कमी शिरते.

उभारताना काठी खोबणीतून ढकलायची, ओढायची नाही. ओढली की आतल्या रबरी दोरीवरचे तुकडे मध्येच सुटतात. तिथलची वाळू काळी, दुपारी चटके देते, म्हणून चारनंतर सुरुवात करा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. खाली ताडपत्री घालाल तर ती तळापेक्षा चार बोटं आत दुमडा, नाहीतर दवाचं पाणी तिच्यावरून थेट तंबूखाली.

भरतीची रेषा म्हणजे सुकलेला पाला, शिंपले आणि प्लॅस्टिक अडकलेली ओळ. पण ती कालची. भरती दिवसातून दोनदा, रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जास्त वर चढते. पंचांगात दशमी-एकादशी असेल तर पुढच्या रात्री पाणी या ओळीच्या वर येणार हे धरूनच मागे सरका. मुलांना ती ओळ दाखवा. शंख वेचायलाही तीच जागा चांगली.

फ्लायशीटवर १००० मिमी (कापड पाणी किती अडवतं त्याचा आकडा) लिहिलं असलं तरी हिवाळ्यातल्या दवाला पुरतं, त्यासाठी जादा भाडं मोजू नका. पैसे वाया घालवायचे नसतील तर तंबू दुकानातच उभारून पाहा: चेन दोन्हीकडून फिरते का, काठीला उभी चीर आहे का. चिरलेल्या काठीवर सरकवायची वीतभर धातूची नळी सेटमध्ये असावी, नसेल तर मागून घ्या. अशा काठीवरून हात फिरवू नका, फायबरची कुसळं बोटांत शिरतात.

परतल्यावर चेन आणि काठ्यांचे सांधे गोड्या पाण्यानं धुवा, मीठ राहिलं की चेन अडते. वाळवायचं सावलीत. ओला तंबू गुंडाळून परत दिला तर दोन दिवसांत बुरशीचा वास येतो आणि डिपॉझिट कापलं जातं. तेव्हा सोमवारऐवजी मंगळवारी परत देण्याचं बोलणं सामान उचलतानाच करून घ्या.