८० मीटरवर डिजिटल ऑडिओ: एक्सएलआर, कोॲक्स, कॅट केबल की फायबर?

पुण्यात डीपी रोडवरच्या लग्नाच्या लॉनवर स्टेज ते मिक्सर सरळ ६० मीटर दिसतं पण केबल कडेकडेनं फिरवली की ८० सहज होतात. एवढ्या लांब डिजिटल न्यायचं तर काय घ्यायचं? एसपीडीआयएफ आणि ती लाल उजेडाची ऑप्टिकल वायर सोडाच, ती घरातली, ५-१० मीटरची.

दोनच चॅनल न्यायचेत, म्हणजे मिक्सरमधून स्टेजवरच्या प्रोसेसरला लेफ्ट-राइट, तर एईएस३ (एका केबलमधून दोन चॅनल नेणारी व्यावसायिक डिजिटल पद्धत) बास. एक्सएलआरवर (माइकला असतो तो तीन पिनांचा कनेक्टर) १०० मीटर जातं पण केबल ११० ओहम इम्पिडन्सची (सिग्नलला होणारा केबलचा ठरावीक विरोध) हवी, आणि इथेच लोक गंडतात, कनेक्टर सेम म्हणून साधी माइक केबल लावतात, ती १०-१५ मीटरला चालूनही जाते, ८० ला टिकटिक सुरू. बरं डिजिटल ॲनालॉगसारखं हळूहळू खराब होत नाही, चालतंय चालतंय आणि ऐन मंगलाष्टकात गप्प, त्यामुळे साउंडचेकला "वाजतंय की" याला अर्थ नाही. स्वस्तातला उपाय म्हणजे दोन्ही टोकांना ११०-ते-७५ ओहमचे बॅलन (इम्पिडन्स जुळवणारे छोटे अडॅप्टर) आणि मधे केबल टीव्हीवाल्यांची चांगली आरजी-६ कोॲक्स केबल. दिसायला गरीब, पण १०० मीटरच्या बरंच पुढे जाते.

चॅनल जास्त असतील तर खरी लढत एईएस५० आणि डांटेची, दोन्ही नेटवर्कच्या कॅट केबलवरून बरेच चॅनल नेणाऱ्या पद्धती. दोघांनाही कॅट५ई चालते, तांब्याच्या केबलवर मर्यादाही १०० मीटरच. एईएस५० मधे ४८ किलोहर्ट्झला दोन्ही बाजूंनी ४८ चॅनल, सेटिंग जवळपास शून्य, पण मधे नेटवर्क स्विच टाकता येत नाही आणि केबल शील्डेडच लागते, दोन्ही टोकांना मेटल शेलचा इथरकॉन (नेटवर्क केबलचा मजबूत कनेक्टर), नाहीतर कोणीतरी नायलॉनच्या कार्पेटवरून चालत येऊन रॅकला हात लावला की स्टॅटिकनं आवाज तुटतो. डांटेला गिगाबिट स्विच घ्या, त्यावरची वीज वाचवणारी सेटिंग बंद करा, मग रेकॉर्डिंगचा लॅपटॉप, दुसरा हॉल, काहीही जोडा. एक मिक्सर एक स्टेज असेल तर मी एईएस५० च घेईन, डांटेचं कार्ड वेगळं विकत घ्यावं लागत असेल तर नक्कीच.

केबल तापकीर गल्लीत घेताना तार ब्लेडनं खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम आहे, परत द्या. आणि ड्रमवर गुंडाळायची मऊ केबल मल्टीस्ट्रँड असते, तिच्यात सिग्नल जास्त कमजोर होतो, म्हणून १०० चा आकडा धरून चालू नका, ८० ला थांबा.

फायबर १०० च्या पुढे, किंवा स्टेज जनरेटरवर आणि मिक्सर हॉलच्या लाइटवर असेल तेव्हा, कारण काचेतून अर्थिंगचा लफडा येतच नाही. माडी (एमएडीआय, बरेच चॅनल एकत्र नेणारी डिजिटल पद्धत) मल्टिमोड, म्हणजे जाड गाभ्याच्या फायबरवर ६४ चॅनल २ किलोमीटरपर्यंत नेतो. फक्त टोकावर धूळ बसू देऊ नका, आणि केटरिंगवाल्यांच्या ट्रॉलीच्या वाटेत टाकू नका.