टायमिंग बेल्ट: आत्ताच बदलायचा की हा हंगाम काढायचा?

गावातली चारचाकी चालते तरी किती? तालुक्याचा बाजार, अधूनमधून अमरावती-यवतमाळची चक्कर, लग्नसराई, वर्षातून एकदा शेगाव. सात वर्षं झाली तरी मीटर पन्नास हजारांच्या आतच. मालक निश्चिंत असतो, कारण टायमिंग बेल्ट (इंजिनमध्ये व्हॉल्व्ह-पिस्टनचा मेळ ठेवणारा दातेरी रबरी पट्टा) लाख किलोमीटरला बदलायचा असं कोणीतरी सांगितलेलं असतं. गाडीच्या पुस्तकात मात्र किलोमीटरच्या शेजारी बहुतेक वेळा वर्षंही छापलेली असतात, आणि पुढे 'जे आधी होईल ते'. बऱ्याच गाड्यांत ही मुदत 60,000 ते 1,00,000 किलोमीटर किंवा चार ते सहा वर्षं अशी असते, काहींत याहून जास्त. पुण्या-मुंबईच्या टॅक्सीचे किलोमीटर आधी संपतात, आपल्याकडे वर्षं आधी संपतात. म्हणून खालचा सगळा हिशेब वर्षांवर मांडला आहे.

आधी आपल्या गाडीत बेल्ट आहे का ते बघा. मारुती 800, अल्टो 800, सँट्रो झिंग, जुनी डिझेल इंडिका, 2016 च्या आधीची डिझेल इनोव्हा, डिझेल डस्टर, फोर्डची फिगो आणि इकोस्पोर्ट डिझेल, पोलो-व्हेंटो डिझेल यांत बेल्ट आहे. स्विफ्ट-डिझायरचं 1.3 डिझेल इंजिन, मारुतीची के-सीरिज पेट्रोल इंजिनं, एमहॉक स्कॉर्पिओ आणि इनोव्हा क्रिस्टा डिझेल यांत बेल्टऐवजी चेन आहे. चेनवाल्यांनी ऑइल वेळेवर बदलावं, सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड ऐकू आली तर दाखवून घ्यावं, आणि इथून पुढे वाचलं नाही तरी चालेल.

आत्ता की सोयाबीन विकल्यावर

थ्रेशरचा पट्टा निसटला तर मशीन थांबतं, पट्टा चढवला की पुन्हा चालू. टायमिंग बेल्टचं तसं नाही. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि पिस्टन तेव्हा कुठे असायचा, हा मेळ तोच सांभाळतो. तो तुटला की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागेवर थांबतो आणि पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. जवळपास सगळ्या डिझेल इंजिनांत आणि बऱ्याच पेट्रोल इंजिनांत हेच होतं. व्हॉल्व्ह वाकले की हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागतं आणि खर्च बेल्टच्या कामाच्या कितीतरी पट होतो. वर गाडी ओढून जिल्ह्याला नेण्याचं भाडं वेगळं.

मिस्त्री वरचं कव्हर काढतो, बेल्ट अंगठ्याने दाबतो, थोडा पिळून बघतो आणि सांगतो, "भाऊ, पट्टा अजून कडक हाये, दोन वर्सं काई होत नाई." त्याची नियत वाईट नसते. जुन्या रबराच्या बेल्टला आधी भेगा पडायच्या, त्यामुळे ही तपासणी तेव्हा कामाची होती. आताचे बेल्ट वेगळ्या रबराचे असतात, वरून शेवटपर्यंत चांगले दिसतात आणि आतले धागे थकलेले असतात. बघून फक्त 'आजच बदला' एवढंच ठरवता येतं: कडेचे धागे निघालेत, दात झिजलेत किंवा बेल्टवर ऑइल आलंय. 'अजून चालेल' हे बघून ठरत नाही.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला पारा 45 च्या वर जातो आणि बोनेटखाली तर विचारूच नका. मंगल कार्यालयाबाहेर एसी लावून तासभर उभी असलेली गाडी मीटरवर एक किलोमीटरही दाखवत नाही, पण बेल्ट तेवढा वेळ फिरतच असतो. पांदण रस्त्याची धूळ तुटक्या कव्हरमधून आत जाते ते वेगळंच.

म्हणून मुदतीची वर्षं उलटली असतील तर कापूस-सोयाबीनच्या पैशाची वाट बघू नका. उधारी करावी लागली तरी हे काम आधी. मुदतीला सहा-आठ महिने बाकी असतील तर दिवाळीपर्यंत खुशाल थांबा. फक्त मुदत एप्रिल-मे मध्ये संपत असेल तर लग्नसराईच्या आधीच उरकून घ्या. जुन्या इनोव्हात डॅशबोर्डवर टी-बेल्टचा, म्हणजे टायमिंग बेल्टचा, दिवा असतो. तो किलोमीटर मोजतो, वर्षं मोजत नाही.

नुसता बेल्ट की पूर्ण किट

पैसे वाचवायचा मोह इथेच होतो. बेल्टपर्यंत पोचायला बहुतेक छोट्या गाड्यांत उजवं चाक काढावं लागतं, इंजिनखाली जॅक लावून त्या बाजूचं माउंटिंग सोडावं लागतं, क्रँक पुली (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकाची चकती) काढावी लागते. मजुरी या उघडझापीची असते. नुसता बेल्ट टाका की टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक), आयडलर बेअरिंग (बेल्टला वाट देणारं चाक) आणि वॉटर पंपासह पूर्ण किट टाका, मजुरीत फार फरक पडत नाही.

आणि बेल्ट नेहमी स्वतःच्या वयानेच जातो असं नाही. टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं की नवा बेल्टही जातो. डस्टर, फोर्ड आणि पोलोच्या डिझेल इंजिनांत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. तो वर्षभराने गळायला लागला तर तीच मजुरी पुन्हा. त्यामुळे बेल्ट आणि टेन्शनर-आयडलर एकत्रच बदला, पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही. पंप टायमिंग बेल्टवर नसून बाहेरच्या वेगळ्या पट्ट्यावर असेल आणि गळत नसेल तर राहू द्या. कॅम-क्रँकचं ऑइल सील (ऑइल अडवणारी रबरी रिंग) ओलं दिसलं तर लगे हात बदला. ते स्वस्त असतं, पण त्यातून येणारं ऑइल नवा बेल्ट खातं. काही गाड्यांत क्रँक पुलीचा बोल्टही एकदाच वापरायचा असतो, तोही मागवा.

किट कंपनीचं घ्या किंवा गेट्स, कॉन्टिटेक यांसारख्या नावाजलेल्या ब्रँडचं, पण पक्क्या बिलावर. डबा ओळखीचा आणि आतला माल भलताच, असंही होतं.

गावात, जिल्ह्याला की कंपनीत

मारुती 800 किंवा अल्टो 800 असेल तर तालुक्याचा जुना मिस्त्री उत्तम. त्याने ही कामं ढिगाने केलेली असतात. डस्टर, पोलो, फोर्डसाठी मात्र कॅम आणि क्रँक लॉक करायचे, म्हणजे काम होईपर्यंत जागेवर पक्के धरायचे, टूल लागतात. व्हाइटनरने खुणा करून बेल्ट चढवणारे आहेत, पण एक दात चुकला तरी गाडी पिकअप सोडते, जास्त चुकले तर व्हॉल्व्ह गेले. काम देण्याआधी दोन गोष्टी विचारा: लॉकिंग टूल आहे का, आणि स्टार्टर मारण्याआधी इंजिन पान्याने हाताने दोन फेरे फिरवून खुणा जुळवता का. या प्रश्नाला हसणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर महाग पडतं आणि नागपूरपर्यंत जावं लागतं, पण कामाची नोंद राहते. माझं मत विचाराल तर जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच ब्रँडची कामं करणारं, टूल असलेलं खाजगी गॅरेज आपल्यासाठी सगळ्यात परवडतं. जुने भाग परत मागून घ्या, आणि तारीख व मीटरचा आकडा लिहिलेलं स्टिकर बोनेटच्या आत लावायला सांगा.

एमएच-12 किंवा एमएच-14 पासिंगची सेकंड हँड गाडी आणत असाल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. बेल्ट बदलल्याचं बिल दाखवलं तर ठीक. 'मागच्याच वर्षी टाकला' हे तोंडी असेल तर टाकलेलाच नाही असं धरा, किटची रक्कम सौद्यातच कमी करून घ्या आणि गाडी गावात आणण्याआधी पुण्यातच काम करून घ्या.