सी सर्टिफिकेट मिळालं: स्पेशल एंट्री की सीडीएस?

एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटची परीक्षा आटोपली की कोल्हापुरातल्या तिसऱ्या वर्षाच्या कॅडेटांना एकच विषय असतो. उन्हाळ्यात तयारी कशाची करायची, एनसीसी स्पेशल एंट्रीची (कॅडेटांसाठीची थेट भरती) की सीडीएसची (कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेस ही लेखी परीक्षा)? दोन्हीकडून लष्करात अधिकारीच होता येतं आणि दोन्हीकडे एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतीचे, पाच दिवस चुकत नाहीत. फरक आहे तो एसएसबीच्या आधी काय आणि नंतर काय, यात.

स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षा नाही. 'सी' सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड, पदवीला सरासरी 50 टक्के आणि वय 19 ते 25 एवढं असलं की अर्ज करता येतो. तिसऱ्या वर्षात असाल तर पहिल्या दोन वर्षांचे गुण धरतात. ऐकायला सोपं वाटतं, पण जागा दोन आकडी आणि मुलींच्या तर बोटांवर मोजण्याइतक्या. शिवाय अर्ज जास्त आले की गुणांवर चाळणी लागते. म्हणून 52-53 टक्क्यांवर असलेल्या कॅडेटनं फक्त या एंट्रीच्या भरवशावर वर्ष घालवू नये, असं मी कळकळीनं सांगेन. निवड झाली तर चेन्नईच्या ओटीएत (ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत) 49 आठवड्यांचं प्रशिक्षण आणि मग शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे 10 वर्षं, वाढवून 14. पुढे कायम होण्याची संधी असते, पण हमी नसते.

सीडीएस यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे प्रत्येकी 100 गुणांचे तीन पेपर असतात आणि चुकलेल्या उत्तरामागे एक तृतीयांश गुण कापतात. ओटीएसाठी गणित लागत नाही. आयएमए, म्हणजे देहरादूनची इंडियन मिलिटरी अकादमी हवी असेल तर मात्र गणित टाळता येत नाही. तिथं दीड वर्षाचं प्रशिक्षण आणि पहिल्या दिवसापासून पर्मनंट कमिशन, म्हणजे कायम नोकरी. आयएमएच्या 100 जागांपैकी 13 आर्मी विंगच्या 'सी' सर्टिफिकेटधारकांसाठी राखीव असतात, हे फॉर्म भरताना विसरू नका. सीडीएसमधून मुलींना लष्करात ओटीएचीच वाट आहे.

माझं मत स्पष्ट आहे: फॉर्म दोन्ही भरा. आयुष्यभर वर्दीत राहायचं आहे आणि दहावीचं गणित अजून हाताला येतं, तर रोजचे दोन तास सीडीएसला द्या. गणिताशी जमतच नसेल तर स्पेशल एंट्री आणि सीडीएसमधली ओटीए अशी जोडी धरा. उन्हाळ्याचा बाकीचा सगळा वेळ एसएसबीला, कारण मुलं खरी अडतात ती तिथं.

आपल्याकडची पोरं अंगानं कमी पडत नाहीत. तालमीत घाम गाळलेला असतो, विद्यापीठाच्या मैदानावर पहाटेचं पळणं झालेलं असतं. तीन मिनिटांत दहा अडथळे त्यांना जड जात नाहीत. पहिल्याच दिवशी चित्र बघून गोष्ट लिहायची आणि नंतर गटात बोलायचं, तिथं ती गप्प होतात आणि स्क्रीन आउट, म्हणजे पहिल्याच फेरीत बाद होऊन दुपारीच बॅग उचलतात. शब्दांच्या चाचणीत 60 शब्द, प्रत्येकाला 15 सेकंद. तिथं पाठ केलेली वाक्यं लगेच ओळखू येतात. मुलाखत चालते ती तुम्हीच भरलेल्या माहितीच्या फॉर्मवरून. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी गल्लीत आलं तेव्हा तुम्ही काय केलंत? मंडळाच्या गणपतीचा हिशेब कोण ठेवतं? घरची ऊसतोड लांबली तर पैशाचं गणित कसं बसतं? याची उत्तरं तुमच्याकडे आहेत, फक्त ती सलग आणि खरी सांगायची सवय नाही. चार मित्रांनी रोज संध्याकाळी रंकाळ्यावर बसून वर्तमानपत्रातला एक विषय घ्यावा, निम्मा वेळ इंग्रजीत बोलावं. महिनाभरात फरक कानाला कळतो.

आता जागेचा प्रश्न. पुण्यात खासगी क्लास भरपूर आहेत. तिथं वेगवेगळ्या भागांतल्या मुलांशी गटात बोलायला मिळतं, हा मोठा फायदा. पण फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च शेतकरी घराला झेपणारा नसतो, आणि काही ठिकाणी सगळ्यांना एकाच साच्यातली उत्तरं शिकवतात. ते मला धोक्याचं वाटतं. राज्य सरकारचं नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र मी त्याच्या वर ठेवीन. तिथं एसएसबीचा छोटा कोर्स होतो. प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत. सीडीएसची लेखी पास झालेल्यांना तसंच ए किंवा बी ग्रेडचं 'सी' सर्टिफिकेट आणि एनसीसी ग्रुप हेडक्वार्टरची शिफारस असलेल्यांना तिथं संधी मिळते. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. तेव्हा मे महिना कोल्हापुरात, एसएसबीचा कॉल आला की नाशिक, असा क्रम मी धरेन. पुणे फक्त इथं बोलायला गटच जमत नसेल तर.

आणखी एक काम याच सुट्टीत उरकून घ्या. मेडिकलला जे बघतात ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या: डोळे, कान, दात, सपाट तळवा, गुडघे. हातावर महाराजांचा टॅटू काढायची हौस आपल्याकडे खूप आहे. सर्वसाधारण उमेदवाराला कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतो. दंडावर किंवा छातीवर असेल तर एसएसबीत रेकमेंड होऊनही मेडिकलला अडचण येते, एंट्री कुठलीही असो.